डाव्या हाताची बंदूक

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास एक चूक करतो. मला उचलतो, खांद्याला लावतो आणि बोल्ट ओढायला उजवा हात पुढे नेतो. तिथे काहीच नसतं. हात हवेत चाचपडतो आणि माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मीच त्याला फसवलंय. बोल्ट म्हणजे आमची कडी. दाराची कडी सरकवावी तशी मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली पाडायची, की काडतूस जागेवर बसतं. साऱ्या जगाच्या बंदुकांना ती उजवीकडे असते. माझी डावीकडे आहे. मी डावखुऱ्यांसाठी घडवलेली, आता चांगलीच जुनी झालेली शिकारीची बंदूक आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाच्या जाड कांबीवर चहूबाजूंनी हातोडे पडत राहिले आणि तिची नळी झाली. खांद्याला टेकवायला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता मिळाला. आम्हा डाव्यांसाठी यंत्रं थांबवून पुन्हा मांडावी लागत, म्हणून कामगार कुरकुरायचे. उजव्या बंदुकांच्या रांगा लागलेल्या आणि आम्ही कोपऱ्यात मूठभर. जुळणीला बसलेल्या एका बाईने मात्र माझा बोल्ट डाव्या हाताने सरकवला, दोनदा, तीनदा, उगाचच. ती स्वतः डावखुरी होती. शेजारणीला म्हणाली, "बघ, ही माझ्यासारखी." ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. पुढची काही वर्षं तेवढ्यावरच काढावी लागणार आहेत, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

तिथून आले काइनू नावाच्या थंड, जंगलांनी भरलेल्या मुलुखात, राइलीच्या दुकानात. राइली स्वतः नेमबाज, बोलायला चटपटीत, गिऱ्हाइकाला आधी कॉफी आणि मग बंदूक दाखवणारी. भिंतीवर माझ्या एका बाजूला जाड नळीची वजनदार बंदूक होती. निशाणाच्या कागदावर तिचा हात कुणी धरणार नाही, पण दिवसभर खांद्यावर वागवायची तर माणसाची कंबर मोडावी. दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या दस्त्याची, हलकीफुलकी, पावसापाण्याला न भिणारी. पण वजन नाही म्हणून गोळी सुटताना ती खांद्याला अशी लाथ मारायची, की चार गोळ्यांनंतर लोक डोळे मिटूनच चाप ओढायचे. मी दोघींच्या मधली. वागवायला जड नाही, झाडायला सुसह्य. पण उलटी.

मला माणसांचं भारी कुतूहल. भिंतीवर टांगलेल्याला दुसरं काम तरी काय असतं म्हणा. एक जण यायचा, तो आधी लाकडाचा रंग बघायचा. दुसरा विचारायचा, गोळी किती लांब जाते, आणि त्याच्या जंगलात झाडी एवढी दाट की हाकेच्या पलीकडचं काही दिसत नाही. दस्ता आपल्या हाताच्या लांबीचा आहे का, जाड कोट घातल्यावर खांद्याला नीट बसतो का, डोळा आपोआप बंदुकीवरच्या दुर्बिणीमागे येतो का, हे क्वचितच कुणी विचारायचं. मला खाली काढायचे, उजवा हात हवेत फिरवायचे, हसायचे आणि परत टांगायचे. आपलं कुणी नाहीच का, असं वाटून मी फार हिरमुसायचे.

आणि मग एका वसंतात, तळ्यावरचा बर्फ अजून गाडी पेलत होता तेव्हा, ओइवा आला. साठी ओलांडलेला, उंच, मोजकं बोलणारा. बरोबर बायको हिल्का. तिला खरं तर शेजारच्या दुकानातून लोकर घ्यायची होती, पण ती आधी इथेच खुर्ची ओढून बसली. ओइवाने वडिलांची जुनी बंदूक टेबलावर ठेवली. म्हणाला, ही आता नेम धरत नाही, दुर्बीण कुठे तरी आपटलीय, तेव्हा नवी द्या. सगळ्यात अचूक असेल ती. त्याचं बोट वजनदार शेजारणीकडे गेलं.

राइली म्हणाली, आधी या म्हाताऱ्या बंदुकीचं दुखणं तर बघू. दुकानामागेच तिची निशाणाची जागा होती आणि खिडकीतून मला सगळं दिसायचं. राइलीने जुन्या बंदुकीतून गोळ्या झाडल्या. सगळी भोकं एकमेकांना चिकटून पडली. मग ओइवा बसला. त्याची भोकं कागदभर विखुरली. तो म्हणाला, वारा आहे.

"वारा?" हिल्का म्हणाली. "ओइवा, समोरच्या धुराड्यातला धूर बघ. काठीसारखा सरळ वर चाललाय."

राइलीने वाद घातला नाही. दुकानात परत आल्यावर तिने एका पुठ्ठ्याला भोक पाडलं आणि तो त्याच्या हातात दिला. हात लांब करायचे, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, भोकातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं आणि ते बघत बघतच पुठ्ठा तोंडाशी आणायचा. ज्या डोळ्याशी पुठ्ठा येतो, तो आपला खरा नेमाचा डोळा. पुठ्ठा आला डाव्या डोळ्याशी. मग तिने त्याचा डावा डोळा हाताने झाकला आणि विचारलं, आता घड्याळात किती वाजले? ओइवाला घड्याळाची कड दिसत होती. मधले काटे दिसत नव्हते. मधोमध नुसता धुरकट डाग.

त्याने पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. हिल्काला मात्र नवल वाटलं नव्हतं. हिवाळाभर तो कॉफी कपाच्या बाहेर ओतत होता आणि ती गुपचूप टेबल पुसत होती. पुढे डॉक्टरांनीही सांगितलं, उजव्या डोळ्याचा मधला भाग गेला तो गेला, चष्म्याने येणार नाही. डावा मात्र ठणठणीत आहे.

"मग डावीकडून झाडा," राइली म्हणाली. ओइवाने वडिलांची बंदूक डाव्या खांद्याला लावली. पण तिचा बोल्ट पलीकडच्या अंगाला. प्रत्येक वेळी डावा हात वरून पलीकडे न्यायचा, गाल उचलायचा, नेम हलायचा. तेव्हा राइलीने वर बघितलं. माझ्याकडे. काळजात धस्स होणं म्हणजे काय, ते मला लाकडापोलादाच्या देहातही कळलं.

तिने मला त्याच्या डाव्या खांद्यावर ठेवलं. कोटाची बाही आडवी आली नाही. गाल दस्त्यावर टेकला तोच डोळा दुर्बिणीमागे आला, मान वाकडी करावी लागली नाही. काडतूसही त्याच मापाचं निघालं, घरातले डबे वाया जाणार नव्हते. ओइवाने डाव्या हाताने बोल्ट सरकवला. आणि पुन्हा सरकवला, उगाचच. मला कारखान्यातली ती बाई आठवली.

तरी तो नको म्हणाला. मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "ही घेऊन गेलो की तौनोला सगळं कळेल."

तौनो कोण, ते आता सांगते. तौनो त्यांच्या शिकारमंडळाचा म्होरक्या, ओइवाचा शाळेपासूनचा दोस्त, जिभेला हाड नसलेला. शिकारीत कोण कुठल्या जागी उभा राहणार, हे तोच ठरवायचा. आदल्या शरदात ओइवाची गोळी एका एल्कला चुकीच्या जागी लागली होती. एल्क म्हणजे घोड्याएवढं उंच हरीण, ते तसंच जखमी होऊन दलदलीत गेलं. तौनो आपल्या कुत्र्याला घेऊन माग काढत गेला आणि अंधार पडता पडता गोळी घालून त्या जनावराची वेदनेतून सुटका केली. ओइवाने तेव्हा सांगितलं की दुर्बीण आपटली होती. सगळ्यांनी विश्वास ठेवला. असली गोष्ट तिथे कुणी खोटी सांगत नाही, म्हणून कुणी पुन्हा विचारलंही नाही.

"तौनो हसेल," हिल्का म्हणाली. "दोन दिवस हसेल आणि गप्प बसेल. त्या एल्कचं काय, ओइवा?"

मी त्या दिवशी त्यांच्या गाडीतून घरी गेले. लोकर आणायची राहूनच गेली.

उन्हाळाभर आमची तालीम चालली. घरात मी रिकामीच, म्हणजे काडतूस न भरता असायचे. ओइवा खळ्यात उभा राहून मला खांद्याला लावायचा आणि चिडचिडायचा, कारण उजवा हात ऐकत नव्हता. नव्या घरात दिव्याचं बटण जुन्या भिंतीवर शोधावं, तसा तो मुकाट उजवीकडे जायचा. मग ओइवाने कॉफीही डाव्या हाताने ढवळायला सुरुवात केली, सरपणही डावीकडून उचलायला लागला. हिल्का म्हणायची, आता फक्त घोरणं तेवढं डाव्या बाजूने करायचं राहिलंय. तो हसायचा. पण रात्री मला कपाटात ठेवताना त्याचा हात माझ्यावर थबकायचा. परीक्षेत नापास झालो तर मंडळातली माझी जागा गेली, हे तो मला नाही, स्वतःलाच सांगायचा.

एल्कच्या शिकारीला जायचं तर ती नेमबाजीची परीक्षा द्यावीच लागते. ठरलेल्या वेळात, कागदावरच्या एल्कच्या काळजाभोवतीच्या वर्तुळात गोळ्या पडायला हव्यात. परीक्षा गावच्या मैदानात होती आणि तिथे परीक्षक तौनो. तीच परीक्षा लांबच्या गावीही होती, जिथे ओइवाला कुणी ओळखत नव्हतं. सकाळी आम्ही निघालो ते लांबच्या गावी जायला. फाट्यावर गाडी थांबली. इंजिन चालू, ओइवा नुसता बसलेला. का थांबलाय, ते मला कळेना. मग त्याने गाडी वळवली आणि आपल्याच गावच्या मैदानावर आणली.

सगळं मंडळ जमलं होतं. मला बघून तौनोने मोठ्याने विचारलं, "काय रे, दुकानात आरशातली बंदूक विकत मिळते काय?" हशा पिकला. ओइवाने मला डाव्या खांद्याला लावून पहिली गोळी झाडली, नेमकी काळजात. आणि मग तेच झालं. उजवा हात सवयीने उडाला, हवेत फिरला, मी डगमगले, वेळ निघून गेला. कुणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांना काही तरी कळलं होतं.

ओइवाने मला रिकामं केलं, बोल्ट उघडा ठेवला, खाली ठेवलं. वळून म्हणाला, "उजवा डोळा गेलाय, तौनो. गेल्या वर्षीच गेला होता. दुर्बीण आपटली नव्हती."

मला वाटलं, आता संपलं. त्या दलदलीत तौनो अंधारापर्यंत चालला होता, त्याचा राग त्याने काढला असता तर कुणी त्याला वावगं म्हटलं नसतं. तौनोने खाली मान घालून बुटाने माती उकरली. मग त्याने निशाण बघणाऱ्या माणसाला हाक मारली. "नवा कागद लाव. हा अजून दमला नाहीये."

दुसऱ्या खेपेला उजव्या हाताने मला खालून घट्ट धरून ठेवलं आणि डावा हात आपलं काम करत राहिला. ओइवा पास झाला. तौनोने दाखला दिला तो डाव्या हाताने, मुद्दाम, दात काढत.

शरदात जागा वाटताना तौनोने ओइवाला दलदलीच्या कडेची जागा दिली. आजवर तिथे तो स्वतःच उभा राहायचा. कारण सांगितलं नाही. उभं राहिल्यावर मात्र आम्हाला कळलं, की तिथून जनावर येतं ते डावखुऱ्याला सोयीच्या बाजूने. एल्क आलं, थांबलं. ओइवाने घाई केली नाही. एकच गोळी, आणि ते जागच्या जागी बसलं. ओइवाने टोपी काढली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मोसम संपल्यावर गावजेवण झालं, मोठ्या पातेल्यात एल्कच्या मटणाचं सूप आणि काळा जाडसर पाव. तिथे तौनो ज्याला त्याला माझा किस्सा मीठमसाला लावून सांगत होता.

त्यानंतर बऱ्याच शिकारी झाल्या. माझ्या दस्त्यावर काट्याकुट्यांचे ओरखडे उठले, नळीचा काळा रंग हाताच्या जागी फिका पडला. मध्ये एकदा ओइवा आजारी पडला तेव्हा मी कपाटात ओलीच राहिले आणि मला गंज चढायला लागला होता. हिल्काने तो वेळीच बघितला आणि तेल लावून उतरवला. म्हणून सांगते, मित्रांनो, वापरलेली वस्तू पुसून, कोरडी करून ठेवत जा. माझ्यासारखी वस्तू तर कुलपात, रिकामी, आणि मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. नेम चुकला की लगेच वस्तूला नावं ठेवू नका. ओइवाच्या वडिलांची ती बंदूक बिचारी वर्षभर दोष घेऊन कपाटात उभी होती, आणि तिचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

परवा दारात तौनो आला. एकटाच, कुत्र्यालाही न घेता. आता तोही म्हातारा झालाय. हिल्काने कॉफी ओतली, त्याने कप पहिल्यांदा धारेखाली न धरता बाजूलाच धरला. मग खिशातून कॉफीच्या पाकिटाचा पुठ्ठा काढला, मधोमध कात्रीने भोक पाडलेला. ओइवासमोर ठेवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "ती तुझी उलटी जरा दे बघू."

ओइवाने कपाट उघडलं, मी रिकामी असल्याची खात्री केली आणि मला त्याच्या हातात दिलं. तौनोने मला डाव्या खांद्याला लावलं. त्याचा उजवा हात वर आला आणि हवेत चाचपडायला लागला.

ओइवाने तो हात हलकेच धरला आणि खाली घेतला. म्हणाला, "डावीकडे, रे. होते सवय."