त्याच्या सातशे, तिच्या दोनशे

रिपोर्ट हातात पडल्यापासून लाँड्रीवालीचं डोकं फिरलं होतं. नवऱ्याच्या पेशी सातशे, तिच्या पुन्हा दोनशेच. रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी या. एचआयव्ही नेमका त्यांच्याच मुळावर येतो, आणि औषध सुरू केलं की त्या हळूहळू भरून येतात. म्हणजे इतरांच्या येतात.

दोघं एकाच दुकानात इस्त्री करत, एकाच वेळी गोळी घेत. रोग घरात आणला त्याने, हे तिने कधीचंच पदरात घेतलं होतं. पण आणायचा याने आणि बाळसंही धरायचं याच्याच पेशींनी, हे काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना. ती पाणी उकळून प्यायची, वेळेवर झोपायची. हा पठ्ठ्या बाहेरचं अरबट-चरबट खाऊन ढेकर देत फिरे आणि गोळीसुद्धा तिने हातावर ठेवली तरच घेई.

"तू फार विचार करतेस," तो कॉलरवर इस्त्री दाबत म्हणाला. "पेशींना टेन्शन सोसत नाही."

"तुमच्या पेशींनी सांगितलं वाटतं. त्यांना म्हणावं, चार दिवस माझ्याकडे राहायला या."

दवाखान्यात ती भांडायच्या तयारीनेच खुर्चीत बसली. डॉक्टरबाई नवीन होत्या. दोघांच्या फायली त्यांनी शेजारी-शेजारी उघडल्या.

"माझ्याच पेशींना काय धाड भरलीय?" तिने विचारलं.

"औषध चोख काम करतंय. विषाणू तुमच्याही रक्तात आता सापडत नाही. पण औषध सुरू झालं तेव्हा तुमच्या पेशी चाळीसवर आल्या होत्या. इतक्या खाली गेल्या की काहींच्या पुरत्या भरून येतच नाहीत. यांचं औषध तुमच्या दोन वर्षं आधी सुरू झालं, तेव्हा चारशे शाबूत होत्या."

"आधी नाही, बरोबरच सुरू केलं आम्ही," ती म्हणाली. डॉक्टरांची चूक सापडली म्हणून तिला जरा बरंही वाटलं.

डॉक्टरबाईंनी फाईल पुन्हा पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत बसला होता.

तेव्हा तिला त्याची ती रक्तदाबाची गोळी आठवली. तिचा रोग कळण्याआधी दोन वर्षं तो रोज जेवणानंतर रक्तदाबाची म्हणून घ्यायचा ती. घ्यायचा कसला, तीच द्यायची. विसरला तर ओरडायची, "अहो, स्वतःच्या जिवाची काही काळजी आहे की नाही?" त्याच दोन वर्षांत तिला सारखा ताप येई, तोंड येई, आणि हा म्हणे, तुझी दगदग फार होते.

रस्त्यात तो म्हणाला, "तू सोडून जाशील म्हणून घाबरलो होतो."

"आणि मी मरेन म्हणून नाही घाबरलात?"

 ती घरापर्यंत त्याच्या पुढे तरातरा चालत राहिली.

जेवणं झाली. नेहमीप्रमाणे तिने त्याच्या हातावर गोळी ठेवली, पण त्याने पेला उचलला तशी पेल्यावर हात धरला.

"कशाची गोळी ही?"

"अगं, आता कशाला..."

"सांगा. मग पाणी."

तो मान खाली घालून पुटपुटला, "एचआयव्हीची."

"उद्याही विचारणार आहे," ती म्हणाली, आणि स्वतःची गोळी तिने कोरडीच गिळली.