कपडेपटातला फोटो

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. मुठीत मावेन एवढाच. दुकानदार माझ्या जातीला ‘नवशिक्यांचा कॅमेरा’ म्हणायचा. काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक दांडगा गडी बसलेला असे. तो निमव्यावसायिक. लांबलचक भिंग, अंगभर बटणे. त्याच्यापुढे मी अगदीच पोरसवदा दिसायचो.

एके दिवशी एक साहेब आपल्या मुलीला घेऊन दुकानात आले. जुन्या इमारतींची छते, तुळया, भिंती तपासायच्या आणि त्यांना धोका नाही ना, हे लिहून द्यायचे, असे त्यांचे काम होते. मुलीच्या मनात शेजारचा भरला. “बाबा, तुमचं निम्मं काम अंधारात असतं. हाच घ्या,” ती म्हणाली. दुकानदारानेही खरे ते सांगितले. कमी उजेडात तो बारकावे टिपतो, त्याचे सगळे आपल्या हाताने ठरवता येते. मी मात्र बटण दाबले की माझ्याच मनाने ठरवून मोकळा होतो. साहेबांनी त्याला गळ्यात अडकवून पाहिले. त्यांचा उजवा खांदा दुखरा होता. शिडी चढताना हे लोढणे नको, म्हणून त्यांनी मला उचलले. त्या दिवशी मला आकाश ठेंगणे झाले.

सहा वर्षे मी त्यांच्या खिशात राहिलो. गळकी तळघरे, गंजलेले जिने, पाण्याच्या टाक्या, सगळीकडे हिंडलो. घरी जेवताना ते माझे तोंडभरून कौतुक करायचे. पुढे खांदा फारच कुरकुरू लागला. मग शिडी लावायची सोडून ते खालूनच मला लांबचे जवळ आणायला लावू लागले. माझ्या पडद्यावर दिसेल तेच खरे मानायची सवयच त्यांना लागली.

अशात एका नाट्यगृहाचे काम आले. रंगमंचामागच्या कपडेपटात एक बाई नटांचे कपडे शिवत असत. खोलीत मशीनजवळ एकच मिणमिणता दिवा. आम्हाला पाहून बाईंनी मशीन थांबवले.

“साहेब, रोज सकाळी मशीनवर पांढरी भुकटी पडलेली असते,” त्या म्हणाल्या. “मी झटकते, दुसऱ्या दिवशी परत तेवढीच. त्या तुळईतून पडते बघा.”

शिडी आवाराच्या दुसऱ्या टोकाला होती. साहेबांनी मला वर धरले. मित्रांनो, अंधारात माझ्या डोळ्याला नुसते ठिपके दिसतात. फोटो छान यावा म्हणून मी ते पुसून टाकतो. मला घडवलेच तसे आहे. त्या दिवशी ठिपक्यांबरोबर मी केसाएवढी एक भेगही पुसली. पडद्यावर तुळई लोण्यासारखी गुळगुळीत दिसली.

“हे बघा बाई, काही नाही,” साहेबांनी मला त्यांच्यापुढे केले. “जुना रंग झडतोय.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग वर पाहिले. तुम्ही म्हणता तसं असेल, म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

अकराव्या दिवशी दुपारी ती तुळई खाली आली. बाई मशीनपाशीच बसल्या होत्या. त्या गेल्या.

ते कळल्यावर मुलीच्या तोंडून निघून गेले, की तेव्हाच मोठा घेतला असता तर... साहेब म्हणाले, “मोठ्यात भेग कदाचित दिसलीही असती. पण मी शिडी लावली नाही, आणि बाईंचं ऐकलं नाही. ते कुठल्या कॅमेऱ्यावर ढकलू?” चौकशीतही त्यांनी हेच लिहून दिले. नोकरी गेली.

आता ते रोज मला टेबलावर घेऊन बसतात. तुळईचा तोच फोटो मोठा करकरून भेग शोधतात. ती माझ्यापाशी नाही. जे मी ठेवलेच नाही, ते कुठून आणू? एकदा फोटो सरकवता सरकवता त्यांचे बोट थबकले. खालच्या कडेला एक हात आला होता. दिव्याजवळ असल्याने तो स्वच्छ उमटला होता, बोटावरच्या शिवणकामाच्या टोपणासकट. ते बोट तुळईकडे रोखलेले होते.

पुढच्या आठवड्यात बाईंची धाकटी बहीण दारात उभी राहिली. तिच्याकडे बाईंचा अलीकडचा एकही फोटो नव्हता. त्या खोलीत शेवटचे फोटो काढले ते साहेबांनी, हे तिला कुणीतरी सांगितले होते. साहेबांनी तो फोटो उघडून मला तिच्या हातात दिले.

“हात तिचाच,” ती म्हणाली. मग तिने हळूच विचारले, “ती वर दाखवत होती, तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?”

“ह्याच्याकडे,” साहेब म्हणाले.

मित्रांनो, लहान कॅमेरा घ्यावा की मोठा, ते तुमच्या कामाप्रमाणे ठरवा. घेतल्यावर त्याला जपा, त्याचे भिंग पुसा. पण शेजारी उभे राहून कुणी काही दाखवत असेल, तर आधी आम्हाला खाली ठेवा.