येते म्हणाली होती

नळदुर्गच्या एका डाळ मिलमधल्या बायका दिवसभर तूर पाखडत आणि घरी जाऊन वरणात पाणी वाढवत. डाळ, तेल, सगळ्याचेच भाव आभाळाला भिडले, तेव्हा हरणाबाई म्हणाली, "दिवाळीला सूप वाजवून अवदसा घराबाहेर काढतो न्हवं? आता बाजारात वाजवू." मोर्चा ठरला.

आदल्या संध्याकाळी मिलच्या फाटकात तिनं महादेवीला विचारलं, "उद्या येतीस न्हवं?" मुकादम शेजारीच उभा होता. मोर्चाला जाईल तिचं काम गेलं, हे त्यानं सकाळीच ऐकवलं होतं आणि महादेवीला दोन लहान लेकरं. ती म्हणाली, "येते." आपल्यात घरी निघालेलं माणूसही 'येते'च म्हणतं, 'जाते' म्हणणं अशुभ. मुकादमानं निरोप ऐकला, हरणाबाईनं शब्द. दोघांनी आपापल्या सोयीचं ऐकावं म्हणूनच महादेवीनं तो शब्द काढला होता. दोन्ही डगरींवर हात.

दुसऱ्या दिवशी ती मिलमध्ये पाखडत बसली. हरणाबाईनं मोर्चा स्टँडवर थोपवून धरला आणि मे महिन्याच्या उन्हात तिची वाट बघितली. दुपारी भोवळ येऊन पडली, ती उठलीच नाही.

तेव्हापासून हातातलं सूप थांबलं की महादेवीच्या कानाशी कुणीतरी विचारी, "आलीस का?" वळून बघावं तर पोती. नवरा म्हणाला, ऊन बाधलंय. शेवटी ती सूप थांबवायलाच भिऊ लागली.

महिन्याभरानं भाव आणखी चढले आणि बायकांनी पुन्हा मोर्चा ठरवला. महादेवी काम टाकून सगळ्यांच्या आधी स्टँडवर गेली आणि भर उन्हात उभी राहिली. हरणाबाईच्या लेकीनं, शिवकांतानं, येऊन तिचं कोपर धरलं.

"मावशी, सावलीत या. आईबी अशीच. किती म्हणलं, लिंबाखाली बस. तर म्हणं, महादेवी आली तर तिला म्या लांबूनच दिसले पायजे."

महादेवी गप्प बसली असती तर निभावलं असतं. पोर तिला मावशी म्हणत होती.

"म्या येणारच नव्हते गं. मुकादमाला भिले. ते 'येते' घरी जायचं व्हतं."

शिवकांता तिचं कोपर सोडून पुढं गेली आणि सूप वाजवू लागली. बायका तिच्यामागं निघाल्या. महादेवीही निघाली, एका अंगाला जागा सोडून.

मिलमधलीच पार्वतम्मा मागून आली. "सरक की जरा."

"न्हाय," महादेवी म्हणाली, "हितं हरणाबाई हाय."