ओली पट्टी

चार दिवस अब्बांच्या हाताची पट्टी ओली निघत होती आणि चार दिवस मी त्यांच्यावर खेकसत होते. "अब्बा, लहान आहात का? पाणी लावायचं नाही, किती वेळा सांगू?" ते नुसता हात पुढे करायचे. कारखान्यातल्या लेथ मशीनमध्ये चेंगरलेला त्यांचा हात. दवाखान्यात मी दिवसाला तीसेक जखमा बांधते, म्हणून हीही मीच बांधत होते. पाचव्या दिवशी पट्टी सोडताना वासानंच कळलं. दोन बोटं काळी पडली होती.

"नमाजाआधी हात धुतो," तेव्हा कुठे ते बोलले. "पाचही वेळा. थोरला म्हणाला, घरात पाणी आहे तोवर सवलत नाही."

थोरला म्हणजे माझा भाऊ. 'ईशवाणीपुढे अकलेची मर्यादा' यावर व्याख्यानं देतो. शंभर माणसं समोर माना डोलावतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत ऑपरेशनच्या खोलीत डॉक्टर ती दोन बोटं कापून काढत होते आणि हा बाहेर बाकावर बसून मलाच शिकवत होता. "हल्लीच्या विचारवंतांनी अकलेला डोक्यावर बसवलंय. तू त्यांच्यातलीच. हुकूम म्हणजे हुकूम."

"हुकूम पुरता वाचलास? आजाऱ्याला पाण्याऐवजी कोरडी माती चालते, हे काय माझ्या अकलेनं सांगितलं? हात धुवायचा हुकूम आहे ना, कुराणातल्या त्याच आयतीत पुढे आहे!"

"पाणी नसेल तर," तो म्हणाला. पण आवाज उतरला होता.

"आणि तो डोकं फुटलेला प्रवासी? सोबत्यांनी त्याला आंघोळ करायला लावली आणि तो मेला. ठाऊक नव्हतं तर विचारलं का नाही, म्हणून पैगंबर किती संतापले! अब्बांनीच सांगितलेली गोष्ट. तेव्हा झोपला होतास?"

मला त्याची जराही दया आली नाही.

संध्याकाळी अब्बा शुद्धीवर आले. मी म्हटलं, "गोष्ट तुम्हाला ठाऊक होती. मग त्याचं का ऐकलंत?"

"तो शिकलेला. मी लेथवरचा माणूस. वाटलं, माझंच चुकत असेल."

भाऊ दारात उभा होता. आता याला सोडायचं नाही, म्हणून मी वळले.

"तुला सांगणार होतो," अब्बा मागून म्हणाले. "रोज वाटायचं, आज विचारशील, पट्टी ओली का होते. पण तू नुसती ओरडायचीस, बेटा."

भावाला सुनावायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं.