ताईचा अर्धा तास

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. मोठ्या शहरावर सकाळपासून वादळ घोंगावत होतं, आणि तिथं उतरायची सात विमानं एकामागून एक या एवढ्याशा विमानतळाकडे वळवली होती. एरवी इथं दिवसाला दोन विमानं यायची. शिडी एक, चहाचं यंत्र एक, आणि माइकवर बोलणारी बाईही एकच. तिला सगळे घोषणाबाईच म्हणत. आज दालनात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जो तो काउंटरवर येऊन तिला जाब विचारत होता. जणू वादळ तिनंच उठवलं होतं!

साहेबांचा नियम साधा होता. रद्द हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "रद्द म्हटलं की लोक अंगावर येतात," साहेब म्हणायचे, "अर्धा तास म्हटलं की गुमान बसतात. मग पुन्हा अर्धा तास म्हणायचं. दिवस काय, जातोच." इतकी वर्षं हेच म्हणून म्हणून बाईच्या जिभेला तेच वळण पडलं होतं. भात किती वेळात होईल? अर्धा तास. दुखणं कधी बरं होईल? होईल गं अर्ध्या तासात. घरात त्याची थट्टा चालायची. धाकटा भाऊ तर उशिरा आला की म्हणायचा, "माझा नाही, ताईचा अर्धा तास झाला."

आणि आज तोच धाकटा चौथ्या विमानातून तिच्याच दालनात उतरला होता.

आई मोठ्या शहरात दवाखान्यात होती. महिनाभर ताई उशाशी बसली, रजा संपली तशी परवा परत आली. आता पाळी धाकट्याची. तोवर मावशी होती तिथं. सकाळीच डॉक्टर म्हणाले होते, मुलाला लवकर बोलवा. आई बोलत नव्हती, पण दार वाजलं की डोळे उघडून बघत होती. मावशीनं फोनवर हे सांगितलं होतं.

"ताई, तुझ्या ओळखीनं काही होईल का?" धाकट्यानं आल्या आल्या विचारलं.

"वादळाशी माझी कसली ओळख रे?"

त्याच्या विमानातल्या तिघांनी मिळून गाडी ठरवली होती. किनारा सोडून आतल्या रस्त्यानं गेलं तर चार तासांत शहर. चौथी जागा रिकामी होती. "जाऊ का?" तो म्हणाला. "तू सांगशील तसं."

बाईच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला, पडलेली झाडं आली. आणि तोंडातून काय यावं? "कशाला वाऱ्यापावसात जीव धोक्यात घालतोस? थांब. अर्ध्या तासात निघेल तुझं विमान."

निघणार होतं की नाही, तिला काडीचं ठाऊक नव्हतं. पण बोलून गेली. आणि एरवी थट्टा करणाऱ्या धाकट्यालाही या वेळी ते खरं वाटलं, कारण ते बहिणीनं सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली. ते तिघे निघून गेले.

मग अर्धा तास झाला. पुन्हा एक झाला. दालनातले सगळे प्लग लोकांनी अडवलेले, म्हणून धाकट्याचा फोन ताईनं काउंटरखाली चार्जिंगला लावला. दुपार उतरली. तिचा स्वतःचा फोन थरथरला. मावशी होती.

"गेली गं," मावशी म्हणाली. "शेवटी शेवटी सारखी दाराकडे बघत होती. त्याला तूच सांग. एकदम नको, बेताबेतानं सांग."

बाईनं फोन खाली ठेवला. समोर एकजण विचारत होता, किती वेळ? तिनं माइक ओढला आणि म्हणाली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं." आवाज जरासुद्धा हलला नाही. तिला स्वतःचाच राग आला, इतका की माइक आपटावासा वाटला.

धाकटा दोन कप चहा आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आला. "मावशीचा काही फोन?"

"झोपलीये आई," ताई म्हणाली. "बघू अर्ध्या तासानं."

"झोपू दे. मी पोचेस्तोवर ताजीतवानी होईल." त्यानं बिस्किट चहात बुडवलं. "तुला सांगू? परवा तिचा आवाज जरा फुटत होता तेव्हा फोनवर मला काय म्हणाली असेल? विमानात खिडकीशी बसू नकोस, वारा लागेल!"

तो हसला. आणि त्याला हसताना बघून ताईही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यानंच तिला रुमाल दिला.

संध्याकाळच्या सुमारास आभाळ जरा उघडलं. साहेबांनी खूण केली, चौथं विमान निघणार. धाकटा फोन घ्यायला काउंटरपाशी आला, पण हात पुढे केला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं!

"ताई," तो म्हणाला, "दुपारपासून तू आईचं सांगतेस ना, ते अगदी माइकवरच्या आवाजात सांगतेस. विमानाचं नाही विचारत मी. आईचं सांग. उशीर आहे, की रद्द?"

ताईनं दोन्ही हातांनी काउंटर धरलं.

"रद्द," ती म्हणाली.

"कधी?"

"तू चहा आणलास त्याच्या आधी."

धाकट्यानं ते तिघे गेले त्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या गाडीनं गेलो असतो तर?"

आताही तिच्या जिभेवर काहीबाही आलं, की नसतास पोचला, रस्ता बंद होता. पण ते तिघे केव्हाच सुखरूप पोचले होते. विमानात राहिलेल्या बॅगांचं विचारायला त्यांचा पोचल्याचा फोन काउंटरवर येऊन गेला होता, मावशीच्या फोनच्या थोडाच आधी.

"भेटला असतास," ती म्हणाली.

"आणि तू हसलीस, ताई. माझ्यासमोर बसून हसलीस."

त्यानं फोन घेतला. ताई काउंटरला वळसा घालून बाहेर येईपर्यंत तो रांगेत जाऊन उभाही राहिला. तिनं हाक मारली. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. तिला परत माइकपाशी यावं लागलं, कारण त्याच्या विमानाची शेवटची घोषणाही तिलाच करायची होती.

विमान गेलं. साहेब घाईघाईनं आले. सातव्या विमानाच्या वैमानिकाची ड्यूटी संपली होती, ते आज हलणार नव्हतं. "अर्धा तास म्हणा," साहेब कानाशी पुटपुटले.

बाईनं माइक घेतला. "सातवं विमान रद्द झालं आहे," ती म्हणाली. "आज जाणार नाही. उगाच थांबू नका. ज्यांना कुणाला भेटायचं असेल, त्यांनी रस्त्यानं निघावं."

एकच गलका झाला. लोक काउंटरवर धावून आले, साहेब कपाळाला हात लावून ओरडू लागले. सकाळपासून खांबाशी बसलेले एक म्हातारे गृहस्थ तेवढे सावकाश उठले, बॅग उचलून तिच्यापाशी आले.

"बाई," ते म्हणाले, "हेच सकाळी सांगितलं असतं तर?"