नव्या डब्याची पहिली हजेरी

भर उन्हात पिकअपचे वायपर आपोआप चालू झाले. कोरड्या काचेवर ते करकर आवाज करत फिरायला लागले, तेव्हा चादरवाल्या काकांनी नेहमीप्रमाणे स्टिअरिंगखालच्या प्लास्टिकवर एक गुद्दा घातला. वायपर थांबले. पण हॉर्न सुरू झाला.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातला वॉचमन हसत म्हणाला, "काका, आलात हे कळलं! अख्ख्या वॉर्डाला कळलं!"

काका रोज सकाळी लाँड्रीतून धुतलेल्या चादरींचे गठ्ठे आणत आणि संध्याकाळी मळलेले घेऊन जात. तेरा वर्षं हेच काम. म्हणून चादरवाले काका. त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं जवळपास कुणी उरलं नव्हतं.

त्या दिवशी गठ्ठे उतरवून झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडीने साधा आवाजही केला नाही. स्टिअरिंगमागे कुलपाच्या चित्राचा लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

गाडी ओढून ताईंच्या गॅरेजमध्ये न्यावी लागली. ताई गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे ड्रायव्हरही त्यांना ताईच म्हणत. त्यांनी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"काका, इथे गुद्दे कोण मारत होतं?"

"मीच. मारलं की ऐकायची."

"ऐकायची नाही, घाबरायची." ताईंनी जेवणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी बाहेर काढली. तिच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. "हे बघा, बीसीएम गेलंय. पाणी गेलंय आत. बदलावं लागणार."

"बीसीएम म्हणजे काय, ते तरी सांगा. उगाच हो हो म्हणायला नको."

ताईंना असे प्रश्न आवडत. त्या पाय पसरून जमिनीवरच बसल्या. "वर्गात मॉनिटर असतो ना, तसा हा. दिवे, हॉर्न, वायपर, दारांची कुलपं, सगळी पोरं याला विचारून हलतात. पूर्वी प्रत्येकाची वायर सरळ बटणापर्यंत जायची. आता बटण मॉनिटरला सांगतं, मॉनिटर दिव्याला सांगतो. आणि किल्ली ओळखायचं कामही याचंच. किल्लीत बारकी चिप असते. ती ओळखीची असली तरच गाडी चालू होते. तुमचा मॉनिटर आजारी पडला, त्याला कुणाचीच ओळख पटेना."

"मग नवा आणा."

"आणते. पण नवा मॉनिटर पहिल्या दिवशी हजेरी घेतो. त्या वेळी ज्या किल्ल्या समोर हजर, तेवढ्याच त्याच्या वहीत. जी गैरहजर, तिचं नाव कटाप. दार उघडेल तिने, पण इंजिन चालू होणार नाही. म्हणून सगळ्या किल्ल्या घेऊन या."

काका टायरकडे बघत म्हणाले, "एकच आहे."

ताईंनी पेटी टेबलावर ठेवून तिला वेगळी वीज दिली, आपलं मशीन जोडलं. पेटीत थोडा जीव होता. पडद्यावर अक्षरं उमटली. त्यांनी ती वाचली आणि मशीन काकांसमोर धरलं.

"इथे दोन लिहिल्यात."

काका पुन्हा टायरकडे बघायला लागले.

"हरवली असेल तर तसं सांगा. हरवलेली किल्ली कटाप झालेलीच बरी. चोराच्या हाती नको."

"हरवलेली नाही," काका म्हणाले. "कुठे आहे ते माहीत आहे."

ती धाकट्या भावाकडे होती.

अकरा वर्षं दोघांनी मिळून गाडी चालवली होती. सकाळी थोरला, संध्याकाळी धाकटा. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी धाकट्याने मागे घेताना हॉस्पिटलच्या फाटकाचा खांब ठोकला. लागलं कुणाला नव्हतं, मागचा दिवा फुटला होता. पण काका तिथेच होते, आणि वॉचमन, आणि लाँड्रीचा मुकादम, आणि दोन नर्स. काका मोठ्याने म्हणाले होते, "या चादरीच्या गठ्ठ्याला शिकवलं असतं तर त्यानेसुद्धा गाडी बरी लावली असती!"

सगळे हसले होते. धाकटाही थोडा हसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग भरून गेला. बसने दहा तास लागतील अशा शहरात. किल्ली त्याच्या खिशातच राहिली.

काकांनी ती कधी मागितली नव्हती. किल्ली मागणं म्हणजे हिशेब संपला असं सांगणं. आणि ती त्याच्याकडे आहे तोवर तो कधीही येऊन, न विचारता, गाडी सुरू करू शकतो, एवढं काकांना पुरत होतं. आता एक पेटी बदलली की ते संपणार होतं, आणि धाकट्याला ते कळणारही नव्हतं. कधीतरी तो येईल, किल्ली फिरवेल आणि लाल दिवा लुकलुकेल. त्याला वाटेल, दादाने मुद्दाम केलं.

"नंतर घालता येईल का दुसरी?" त्यांनी विचारलं.

"येईल. पण तेव्हाही दोन्ही एकाच वेळी समोर लागतील. एक इथे, एक तिथे, असं नाही चालत."

मुकादमाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "दोन दिवस दुसरी गाडी लावतो, काका. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमची गाडी दारात हवी. नाहीतर मला दुसऱ्याशी कायमचं बोलावं लागेल. राग मानू नका."

गॅरेजच्या मागे जुन्या टायरांचा ढीग होता. काका त्यावर बसले आणि दोन वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"हॅलो."

"मी बोलतोय."

"कळलं. नंबर आहे माझ्याकडे."

फोनमध्ये त्याच्या मागे कसलंतरी यंत्र टूं टूं करत होतं. काका म्हणाले, "गाडीचं बीसीएम गेलं."

"पाणी गेलं असणार. समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यातून. मी तीनदा सांगितलं होतं."

"दोनदा."

"तीनदा, दादा. तिसऱ्या वेळी तू चहा पीत होतास. तू चहा पिताना ऐकू येत नाही तुला."

काकांना हसू आलं, पण ते फोनवरून जाण्याइतकं मोठं झालं नाही. त्यांनी मॉनिटर, हजेरी, सगळं सांगितलं, ताईंच्याच शब्दांत, कारण त्याहून सोपे शब्द त्यांना सापडले नाहीत.

"म्हणजे माझी नसली तर ती बाद," धाकटा म्हणाला.

"हो."

यंत्राचा आवाज थांबला. काकांच्या ओठांवर 'घेऊन ये' असं आलं होतं. दोनच शब्द. पण आधी धाकटा बोलला. "आज कुरियरला टाकतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मिळेल तुला."

"बरं."

"ठेवू?"

"ठेव."

मग दोन दिवस काका घरी बसले. खोली एकच. पलंग, गॅस, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. सकाळी सवयीने पाचला उठले आणि कुठे जायचं ते आठवेना. दुपारी दुकानात जाऊन दूध आणलं. दुकानदाराने पिशवी पुढे केली, यांनी घेतली. बोलण्याची वेळच आली नाही. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं, की दिवसभरात आपला आवाज आपण ऐकलेला नाही. एरवी फाटकावर वॉचमन 'आलात का' म्हणतो आणि आपण 'आलो' म्हणतो. तेवढंच बोलणं रोज होत होतं. बाकीचं बोलणं गाडीशी.

खात्री करायला त्यांनी मोठ्याने "आलो" म्हणून पाहिलं. खोलीत ते विचित्र वाटलं. त्यांनी उठून भांडी पुन्हा घासली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाकीट आलं. काका ते न फोडताच गॅरेजला घेऊन गेले.

ताईंनी काचेचा डावा कोपरा आधीच नव्याने बुजवून ठेवला होता. "पेटी बदलायची आणि भोक तसंच ठेवायचं, हे आपल्याकडे होत नाही," त्या म्हणाल्या. बॅटरीची वायर काढून त्यांनी पंधरा मिनिटं थांबायला लावलं, मग नवी पेटी जागेवर सरकवली. जोडण्या एकेक करून दाबल्या. प्रत्येक जोडणी टक् म्हणेपर्यंत पुढच्या जोडणीला हात लावला नाही.

"टक् ऐकू आलं का?"

"आलं."

"तुमच्या कानाने ऐकलं की माझ्या सांगण्याने?"

"माझ्या कानाने, ताई."

"शाब्बास. द्या आता किल्ल्या. आधी बघू दोघींचे सेल कसे आहेत. गाडीला चालतं सेलशिवाय, पण किल्लीवरच्या बटणांना सेल लागतो."

त्यांनी काकांची किल्ली उघडून मीटर लावलं. "रडतोय बिचारा. बदलते." मग पाकिटातली उघडली. मीटरकडे बघून पुन्हा लावलं. "ही तर ठणठणीत! नवा कोरा सेल आहे. महिना-दोन महिने झाले असतील घालून." त्यांनी किल्ली उलटी केली. "आणि बटणावरची चित्रं बघा, पार पुसलीत. तुमच्या रोजच्या किल्लीवर दिसतायत अजून. ही काय दोन वर्षं कपाटात पडून नव्हती, काका. ही कुणीतरी रोज हाताळलीय."

काकांनी किल्ली घेतली. कुलूप उघडायचं बटण अंगठ्याच्या आकाराने खोलगट झालं होतं. दहा तासांवर. तिथे कुठलंच दार उघडणार नव्हतं.

"चला, बसा आत," ताई हळूच म्हणाल्या. "हजेरी घेऊ."

पहिली किल्ली फिरवली. लाल दिवा लुकलुकला, मग विझला. ताई म्हणाल्या, "हजर." दुसरी फिरवली. दिवा जास्त वेळ लुकलुकत राहिला. मग विझला.

"हजर," या वेळी काकाच म्हणाले.

इंजिन सुरू झालं. वायपर गप्प, हॉर्न गप्प. दुपारपर्यंत वेळ होता. काका लाँड्रीला जाण्याआधी वाटेतल्या कुरियरच्या दुकानापाशी थांबले. धाकट्याने पाठवलेल्या पाकिटावरचा पत्ता बघून नव्या पाकिटावर उतरवायला लागले. त्याची गल्ली त्यांना आजच कळत होती. इमारतीचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, खोली नंबर नाही यात. चार मजल्यांची बिल्डिंग असेल तर आमचा माणूस परत आणेल. विचारून घ्या ना."

त्यांनी बाजूला होऊन फोन लावला.

"झाली का गाडी?" धाकट्याने हॅलोही म्हटलं नाही.

"झाली. तुझा खोली नंबर सांग."

"कशाला?"

"किल्ली परत पाठवतोय."

काकांना वाटलं, फोन कटला. त्यांनी कानापासून काढून पाहिला.

"सात," धाकटा म्हणाला. "दुसरा मजला. जिना चढून डावीकडे. बेल चालत नाही, दार वाजवावं लागतं. आणि दार जरा अडकतं, ढकलायचं नाही, ओढायचं."

"हळू सांग," काका म्हणाले. "लिहून घेतोय."