उजव्या दाराचं हँडल

नकली भाग मी डोळे मिटून ओळखतो, अशी माझी ख्याती आहे. ती पसरवण्यात माझाच हात मोठा, हे कबूल. आमच्या पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरात जुन्या मोटारींचा मेळा भरतो आणि मी तिथे परीक्षक असतो. एक निळी फीत असते, कारखान्यातून निघाल्यापासून एकही भाग न बदललेल्या गाडीसाठी. बाकी बक्षिसांना चकाकी बघतात, हिला झीज.

यंदा व्हर्ना लेशर १९२९ची गाडी घेऊन आली. नवरा आयर्विन मार्चमध्येच गेला होता.

"एल्वुड, फितीचं जाऊ दे," ती म्हणाली. "पण जाताना आयर्विन म्हणाला, गाडीत एक स्क्रूसुद्धा परका नाही. त्याला खोटं पाडू नकोस रे."

माझा जोडीदार परीक्षक क्लाइड तोवर गाडीभोवती फिरून उजव्या दारापाशी थांबला होता; आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो, उजवं दार शेजारी बसणाऱ्याचं.

"हे बघ! चालवणाऱ्याच्या बाजूचं हँडल झिजून आतलं पितळ दिसतंय, आणि हे कसं नव्या नवरीसारखं! बाजारातून आणून बसवलंय, पैज लावतो."

मलाही तसंच वाटलं. निकेलचा मुलामा जसाच्या तसा होता. मी कागदावर फुली मारली. व्हर्नाचा चेहरा पडला आणि मला फार वाईट वाटलं.

"काढून तरी बघ, शहाण्या!" ती कडाडली. "नुसतं पुढून बघून काय कळतं?"

खरंच की! हँडल मागून तपासायचं, हे मीच जगाला शिकवत फिरतो. स्क्रू काढला, हँडल उलटं केलं. नकलेची पाठ एकसारखी गुळगुळीत असते. हिच्यावर हातानं मारलेल्या कानशीचे आडवेतिडवे ओरखडे होते, आणि त्यांत जुनं ग्रीस दगडासारखं घट्ट बसलेलं. बावनकशी अस्सल!

"मग झिजलं का नाही?" क्लाइड हटेना. "ही बाई रोज याच दारानं चढायची ना?"

मी दार उघडून आत वाकलो. आतलं हँडल मात्र पार झिजलेलं, तेही टोकाला, चालवणाऱ्याचा हात जेमतेम पोचेल तिथंच.

"व्हर्ना, तू चढताना दार कोण उघडायचं?"

"आयर्विन, आणखी कोण? बसल्या जागी आडवा व्हायचा, आतून ढकलायचा. इतरांचे नवरे उतरून दार धरायचे, हा मेला ढिम्म! चर्चच्या पायऱ्यांवर बायकांपुढे जन्मभर त्याच्या नावानं खडे फोडले मी."

क्लाइडनं गुपचूप माझ्या हातातला कागद घेतला आणि फुली खोडली. मी हँडल व्हर्नाच्या हातावर ठेवलं. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे मला याला कधी हातच लावावा लागला नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती. "मी येईपर्यंत दार उघडलेलं असायचं. आणि मी मेली त्याला आळशी म्हणत राहिले."